‘मज्जाव’ला दुसरा शब्द?

प्रश्न: ‘प्रेक्षकांना आत जाण्यास मज्जाव केला’ यात मज्जावऐवजी काय चालेल? बंदी, मनाई, अटकाव एकच का?

उत्तर १: एकच नाहीत. मज्जाव माणसाला होतो, तोही बहुधा ऐन दारात. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाबद्दल ‘अस्पृश्यांना मंदिरप्रवेशास मज्जाव होता’ हेच नेमकं बसतं. बंदी नियमाने येते आणि वस्तूवरही येते: ‘गुटख्यावर बंदी’. तिथे ‘गुटख्यावर मज्जाव’ कानाला खटकतं. तुमच्या वाक्यात ‘मनाई केली’ चालेल. लिंग मात्र सांभाळा: मज्जाव, अटकाव केला, मनाई, बंदी केली. घाईत ‘मनाई केला’ हमखास लिहिलं जातं.

उत्तर २: अटकाव म्हणजे वाटेत थांबवणं, तो पाण्याला, रोगालाही होतो. आडकाठी ‘घालतात’ किंवा ‘आणतात’, आणि तीत मुद्दाम खोडा घातल्याची छटा असते. पाटीवर ‘प्रवेश बंद’ पुरे. ‘प्रवेश निषिद्ध’ उगाच जड.

उत्तर ३: नाकाबंदी यात धरू नका. पोलीस नाक्यावर गाड्या तपासतात, पण तपासून सोडतातही. बोलताना तर ‘आत सोडलं नाही’ एवढंच म्हणतो आपण!