माथेरानमध्ये पहिल्यांदाच घोड्यावर बसणाऱ्यांसाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब माथेरानला जाणार आहोत आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीला तेथे घोड्यावर बसायची फार इच्छा आहे. आम्हा दोघींनाही रपेटीचा काहीच अनुभव नाही.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतचे अंतर घोड्यावरून जाता येते, हे मला माहीत आहे; परंतु सामान, गर्दी आणि चढ यांमुळे पहिली रपेट तेथेच करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी शार्लोट तलावाच्या बाजूला सावकाश फेरी मारणे अधिक योग्य ठरेल काय? रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, पाऊल पूर्ण न घालता केवळ चवड्यावर भार द्यावा, टाच खाली ठेवावी, म्हणजे तोल गेल्यास पाय अडकत नाही, आणि उतारावर अंग किंचित मागे घ्यावे, असे मी वाचले आहे. मात्र घोडा दुडक्या चालीने निघाल्यास लहान मुलाने नेमके काय धरावे, लगाम की खोगिराची पुढची कड?

घोडेवाल्याने पूर्ण वेळ लगाम हातात धरून पायी चालावे, अशी अट आधीच घालता येते का? मुलांच्या मापाचे हेल्मेट तेथे मिळते, की घरूनच न्यावे?

आणखी एक गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. थकलेल्या किंवा खोगिराखाली जखम असलेल्या घोड्यावर आम्हाला बसायचे नाही. अनोळखी माणसाने हे कसे ओळखावे, ते जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.