अवकाशकाल: फेरी पूर्ण, अंतर शून्य, तरी इलेक्ट्रॉनचं घड्याळ मागे का?

राजवाडा_इंदूर: आपल्या कॅटमधल्या (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-२ वर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवत ठेवणाऱ्या रिंगवर, बी.एस्सी.च्या मुलांसाठी गणित बसवतोय. परीघ १७२.४७ मीटर, ऊर्जा २.५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट), एका फेरीला ५७५ नॅनोसेकंद. इलेक्ट्रॉन निघाला तिथेच परत येतो, म्हणजे दोन घटनांमधलं अंतर शून्य. अंतरालाच्या सूत्रात (प्रकाश त्या वेळात जाईल त्या अंतराच्या वर्गातून प्रत्यक्ष अंतराचा वर्ग वजा, मग मूळ) ते घातलं की पुन्हा ५७५च! गॅमाने, म्हणजे काळ मंदावण्याच्या गुणकाने, भागलं तर ०.१२. यातलं चूक कुठलं? की इथे व्यापक सापेक्षता (गुरुत्वाचा, वक्र अवकाशकालाचा सिद्धान्त) लागते?

विश्वरेषा: दोन्ही बरोबर आहेत, फक्त घड्याळं वेगळी. ५७५ हे रिंगपाशी जागच्या जागी असलेल्या घड्याळाचं. इलेक्ट्रॉनचा काळ हवा तर टोकाच्या दोन घटना घेऊन चालत नाही, वाटेचे तुकडे करून बेरीज करावी लागते. फळ्यावर एकच मीटर घ्या. त्या वेळात प्रकाश १.०००००००२ मीटर जातो, इलेक्ट्रॉन १ मीटर. वर्गांची वजाबाकी करून मूळ काढा, उरतात जेमतेम ०.२ मिलिमीटर. अख्ख्या फेरीत साडेतीन सेंटिमीटर! त्याला प्रकाशवेगाने भागलं की ०.१२ नॅनोसेकंद. सूत्रातल्या त्या वजा चिन्हामुळे अवकाशकालात वळणाच्या वाटेने जाणाऱ्याच्या घड्याळात काळ कमी भरतो. कागदावरच्या भूमितीच्या नेमकं उलट, आणि मुलं अडतात ती इथेच.

गॅमा४८९२: आकडेमोड वेगापासून सुरू करू देऊ नका. ०.९९९९९९९ असे सात नऊ लिहून थांबलं तर गॅमा २२३६ येतो, निम्म्याहून कमी. ऊर्जेवरून काढा: एकूण ऊर्जा २५०० भागिले इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ०.५११ (दोन्ही दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये), म्हणजे ४८९२. इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या मागे पडतो तो सेकंदाला फक्त ६.३ मीटरने, सायकलच्या वेगाइतका. हे मुलांना जरूर सांगा.

राजवाडा_इंदूर: तुकड्यांचं पटलं. पण १६ डायपोल चुंबक त्याला सतत वळवतात, त्या त्वरणाचं काय?

विश्वरेषा: त्वरण म्हणजे अवकाशकालाची वक्रता नव्हे. गुरुत्व इथे नगण्य आहे, विशेष सापेक्षता पुरते. इलेक्ट्रॉन क्षय पावत नाही, त्यामुळे त्याचं घड्याळ वाचता येत नाही. म्युऑनचं येतं: तो इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण, आणि क्षय पावतो, म्हणून त्याचं आयुष्य हेच घड्याळ. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या रिंगमधले निकाल १९७७ साली आले: गॅमा २९.३, आयुष्य २.२ वरून ६४.४ मायक्रोसेकंद. त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १०^१८ पट, तरी उत्तर नुसत्या गॅमानेच जुळलं.

राजवाडा_इंदूर: मग एक मीटरचा तुकडा आधी, फेरी नंतर. गणित तसंच बदलतो.