मदत हवी आहे: साडेतीन वर्षांच्या मुलीला रोज पानभर लिखाण

नमस्कार. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. लेकीच्या नर्सरीतून रोज पानभर उभ्या-आडव्या रेघा काढायला देतात. ती पेन्सिल मुठीत धरते, दोन ओळींत "आई, हात दुखतो" म्हणून रडते. बाई म्हणतात, मागे पडतेय.

पण तीच पोर पोळ्या करताना माझ्याजवळ बसून कणकेचे इवलेसे गोळे वळते, मटार सोलताना एकेक दाणा चिमटीत धरून वाटीत टाकते आणि मोजते. तेवीसपर्यंत आली परवा! बोटांत बळ असंच येतं ना? लोंबकळणं, चढणं यातून खांदे-मनगट घट्ट होतात, मग पेन्सिल धरता येते, हे मला पटलंय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल हवी असं सांगितलंय, त्यातली ६० चांगली दमवणारी. आमच्याकडे खाली सगळं पार्किंग. रविवारी उपवनला नेतो, तेवढंच.

घोडबंदर पट्ट्यात खरंच खेळातून शिकवणारी, मातीचं अंगण असलेली बालवाडी कुणाला माहीत आहे का? आणि बाईंना न दुखावता हे कसं सांगितलंत? लंगडीसारखे, पण धपधप आवाज न होता घरात जमतील असे खेळही सुचवा, खालच्या मजल्यावर आजी आजारी असतात.