लहान भावाचा एनएलआर ५.६ आलाय, कुणाला दाखवावं?

चोपडेकर:
नमस्कार मंडळी. लहान भाऊ, वय २७. अंडकोषात कॅन्सरचा संशय असलेली गाठ होती, गेल्या आठवड्यात जळगावला जांघेतून ऑपरेशन करून तो अंडकोष काढला. बायोप्सी यायचीय. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) न्युट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १४ टक्के, या दोन्ही पांढऱ्या पेशी. आतेभावानं नेटवर वाचून पहिल्याला दुसऱ्यानं भागलं, त्यालाच एनएलआर म्हणतात. म्हणाला एवढा एनएलआर म्हणजे आजार पसरला. तेव्हापासून आई नीट जेवत नाही. खरंच या आकड्यावरून एवढं कळतं का? पुढे कुठे दाखवावं?

तापीकाठ:
दादा, आधी आईला जेवायला बसवा. मी भुसावळला लॅबमध्ये आहे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी न्युट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. कुणाचंही असंच होतं. ताप, दाढेचा पू, स्टेरॉइड, यांनीही हेच होतं. ऑपरेशनआधीचा एनएलआर जास्त असेल तर आजार पुढच्या टप्प्यात असण्याची शक्यता जास्त, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण ते बहुतेक जुन्या फायली चाळून केलेले, आणि ‘जास्त’ कशाला म्हणायचं याची रेघ प्रत्येकाची वेगळी. त्याला प्लेटलेटच्या आकड्यानं गुणून एसआयआय नावाचा आणखी एक आकडा काढतात, त्याचंही तेच. एवढ्यावर कुणी उपचार ठरवत नाही.

यावलची ताई:
माझ्या दिराचं हेच झालं होतं, आज तो केळीची बाग सांभाळतो. तुम्ही एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच बघा, या कॅन्सरच्या रक्तात दिसणाऱ्या खुणा. ऑपरेशनआधी केले होते का? एएफपी निम्मं व्हायला ५ ते ७ दिवस लागतात, एचसीजीला दीड ते तीन. म्हणून एकच रिपोर्ट बघून घाबरायचं नाही. तारखा घालून वहीत लिहा. आकडे या गतीनं उतरत नसतील किंवा वाढत असतील, तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठा.

चोपडेकर:
ताई, आधीचे आहेत, एएफपी वाढलेलं होतं. नंतरचे केलेच नाहीत.

तापीकाठ:
मग उद्याच रक्त द्या, शक्यतो त्याच लॅबमध्ये. केमोआधीचे हे आकडे लागतातच. आजार पसरलेला निघाला तर १९९७ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनं रुग्णाचा गट ठरवतात, तो याच आकड्यांवर आणि आजार कुठवर गेलाय त्यावर. त्यात एनएलआर नाही. छाती-पोटाचा सीटी स्कॅनही लागेल.

यावलची ताई:
आणि एक, हे बोलायला घरात संकोच वाटतो म्हणून सांगते. केमो ठरलीच तर आधी वीर्य गोठवून ठेवायचं विचारा. लग्न व्हायचंय ना त्याचं? आमच्याकडे हा विषय कुणी काढलाच नव्हता, मीच काढला.
दाखवायला परळचं टाटा. भुसावळहून रात्रीची गाडी धरा. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड मागून घ्या, नुसता कागद नको. तिथे पुन्हा तपासतात. जनआरोग्य योजनेची कागदपत्रंही बरोबर असू द्या. हा कॅन्सर पसरलेला असला तरी बहुतेकदा केमोनं बरा होतो, हे आईला माझ्याकडून सांगा.

चोपडेकर:
रक्त उद्या सकाळी. ब्लॉकसाठी आत्ताच फोन करतो.