सातारच्या घरासाठी हॉट टब : कुठला ब्रँड?

नमस्कार मंडळी,

गोडोलीतलं घर स्लॅबपर्यंत आलंय. पुढच्या वर्षी कॅल्गरीचं बिऱ्हाड आवरून आम्ही दोघं कायमचे साताऱ्याला. हिचे गुडघे आणि माझी कंबर, दोन्हींना इथल्या हॉट टबची सवय लागलीय, तेव्हा गच्चीवर अजिंक्यतारा समोर दिसेल असा एक बसवायचाच. जकुझी, हॉट स्प्रिंग आणि आर्क्टिक स्पाज अशी तीन माहितीपत्रकं टेबलावर पडून आहेत. सामानाचा कंटेनर जाणारच आहे, त्यातच नवा टब घालावा म्हणतो. कुणी वापरलेत? ४० जेटचा (पाण्याची धार मारणाऱ्या तोट्या) घ्यावा की ६०चा?

– बापू, कॅल्गरी

———

बापू,

जेट नंतर मोज, आधी गच्चीचं बघ. मी शाहूपुरीत हाच उद्योग करून बसलोय.

१,३०० लिटर पाणी म्हणजे १,३०० किलो. टब रिकामा ३५० धर. पाच माणसं बसली की आणखी ३५०. झाले दोन टन, आणि ते दोन मीटर बाय दोन मीटरमध्ये. म्हणजे चौरस मीटरला ५०० किलो. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारण १५० किलोच्या हिशेबाने काढतात. तुझा ठेकेदार म्हणेल, ‘काय होतंय साहेब, वर टाकी हायच की.’ त्याचं ऐकू नकोस. टाकी कॉलमवर असते, टब मधोमध बसणार. स्लॅब पडायच्या आत आरसीसी कन्सल्टंटला हा आकडा लिहून दे.

दुसरं, कंटेनरचा नाद सोड. तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. तिथे मिनिटाला ३,४५० फेरे मारणारी मोटर इथे २,८५०च्या आसपास फिरते. जेटची धार मरते नि मोटर तापते. शिवाय तिथल्या टबला दोन फेज, एक न्यूट्रल. फेज-फेजमध्ये २४०, पण फेज-न्यूट्रलमध्ये १२०, आणि पाणी निर्जंतुक करणारा ओझोनेटर, छोटा पंप असली पिल्लं बऱ्याचदा त्या १२०वर चालतात. आपल्या वायरमनने सवयीने २३० जोडले की पहिल्याच दिवशी धूर. ब्रँड कुठलाही घे, पण ५० हर्ट्झचं एक्स्पोर्ट मॉडेल मागव, वीज गळली की लगेच तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसव आणि महावितरणकडून लोड वाढवून घे.

आता ब्रँड. ‘जकुझी’चं आपल्याकडच्या डालड्यासारखं झालंय, कुठल्याही टबला लोक तेच म्हणतात. ते त्याआधी विहिरीचे पंप करायचे, म्हणजे किर्लोस्करवाडीवाल्यांचे भाऊबंदच म्हण. १९६८ साली रॉय जकुझीने जेट टबाच्या अंगातच बसवले. हॉट स्प्रिंगच्या काही मॉडेलांत पाठीवर खालीवर फिरणारा जेट असतो. कंबरेला तो खरंच छान. तुझ्या यादीत नाही, पण युटाच्या बुलफ्रॉगचंही बघ. त्यांचे जेट पाठीमागच्या पॅकमध्ये असतात, पॅक काढून दुसऱ्या बैठकीला लावता येतो. आर्क्टिकवाले कॅनडाच्या थंडीसाठी टब बांधतात. तिकडे ते सोनं, पण इथे?

हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. उणे ३० साठी गोधडी पांघरलेला टब साताऱ्याच्या एप्रिलमध्ये थंडच होत नाही. फिल्टरचा पंप फिरतो, त्याची ऊब आतच कोंडते. माझ्या टबाचा हीटर बंद, तरी दुपारी पाणी ४१ दाखवत होतं. आणि ४० ही मर्यादा आहे. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्यातही १५ मिनिटांच्या वर नाही, ते डॉक्टरला विचार. उन्हाळ्यात मी फिल्टरच्या वेळा कमी करतो आणि संध्याकाळी झाकण उघडून ठेवतो. झाकण म्हणजे वानरांनी शिल्लक ठेवलंय तेवढं! उरलेल्याला सुतळी बांधलीय.

शेवटचं म्हणजे मिस्त्री. माझ्या टबाचं सर्किट बोर्ड दिवाळीत गेलं, विकणाऱ्याने सुटा भाग पाठवला शिवरात्रीला. ब्रँड चांगला होता, नाव घेत नाही. पण पुण्याहून ११० किलोमीटर येऊन पाना लावणारा माणूस ज्याच्याकडे आहे, त्याचाच टब घे. बोर्ड आणि हीटर भारतात शिल्लक आहेत का ते ईमेलवर लिहून घे, फोनवर नको.

– आप्पा, शाहूपुरी

———

बापूभावजी,

आम्ही विश्रामबागेत आधी हवा भरायचा टब आणला. त्याला जेट नाहीत, नुसते बुडबुडे, आणि हवेने पाणी उलट निवतं. मालिश विसरा. पण एक कळलं : डिसेंबर-जानेवारीत रोज बसलो, मार्चनंतर कुणी फिरकलं नाही. तुमचंही असं होणार असेल तर लाखांत उतरण्याआधी कळलेलं बरं.

आणि बोअरचं पाणी भरू नका. आमच्या हीटरवर वर्षात अशी पुटं चढली की बंबाची आठवण झाली. बंब निदान चिंचेने घासता यायचा. नळाचं भरा, चाचणीच्या पट्टीने पाण्याचा कठीणपणा बघा, पीएच ७.२ ते ७.८ ठेवा. दर तीनचार महिन्यांनी पाणी बदलताना क्लोरीन उडू द्या, मगच झाडांना. ह्यांनी घाई केली नि माझी मोगऱ्याची कुंडी गेली.

– नंदावहिनी, सांगली

———

आप्पा, वहिनी,

आरसीसीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ‘गच्चीवर करता येईल, पण बीम वाढवावे लागतील, स्टील वाढेल.’ हिने लगेच निकाल दिला, टब खाली, मागच्या अंगणात. किल्ला दिसणार नाही, पण गुडघे दुखत असताना दोन जिने चढून टबात कोण जाणार होतं, हेही तिनेच विचारलं.

कंटेनरमधून टब बाद. काल इथल्या दुकानात पोहण्याचे कपडे घेऊन गेलो नि भरलेल्या टबात बसून पाहिलं. ६० जेटच्या टबात दोघांची धार सारखी येत नव्हती; ३५वाला बरा वाटला. माझी उंची जास्त, आडव्या बैठकीत पाय तरंगतात, तेव्हा तीही नको.

आप्पा, १,३०० लिटर २५ वरून ३९ वर न्यायला माझ्या हिशेबाने २१ युनिट होतात. ३ किलोवॅटला सात तास. तुमचा अनुभव जुळतो का? आणि तो पाना लावणारा पुण्याचा माणूस खरंच आहे का, की तोही शिवरात्रीलाच येतो?

– बापू

———

सात नाही, आठ धर. माणूस आहे. मात्र आला की आधी कंदी पेढे मागतो.

– आप्पा