४जी६३ चे बॅलन्स शाफ्ट काढावेत का? व्हायब्रेशन आणि पॉवरचा हिशोब हवाय

स्पॅनर१४:
१९९७ ची मित्सुबिशी एक्लिप्स जीएसएक्स, ४जी६३ टर्बो. इंजिन स्टँडवर आहे, फ्रंट केस (ऑइल पंप असलेलं पुढचं झाकण) काढलेली आहे. बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाचा हादरा मारायला फिरणाऱ्या दोन वजनदार दांड्यांचा) छोटा बेल्ट तुटून टायमिंग बेल्टमध्ये गेला की व्हॉल्व्ह वाकतात, म्हणून ते प्रकरणच काढायचा विचार आहे. पॉवर किती वाढेल? रोजच्या गाडीत व्हायब्रेशन सोसवेल का? मेकॅनिक म्हणतो, फक्त छोटा बेल्ट कापा, बाकी जैसे थे. चालेल?

पिस्टनराव:
बेल्ट कापणं आधी डोक्यातून काढा. त्या बेल्टवर फक्त मागचा शाफ्ट फिरतो. पुढचा ऑइल पंपाच्या गिअरवर आहे, तो फिरतच राहणार. दोघे उलट दिशांना फिरतात म्हणून त्यांचे आडवे जोर आपसात कटतात. एक थांबला की उभ्या हादऱ्याला निम्माच उतारा, वर आडवा हादरा नवा. काढायचे तर दोन्ही.

आता आकडे. चार सिलिंडर इनलाइनमध्ये प्रायमरी, म्हणजे क्रँकच्याच वेगाचे, जोर कटतात, पण सेकंडरी, म्हणजे क्रँकच्या दुप्पट वेगाचे, चारही पिस्टनचे एकाच दिशेला साठतात. जोर = ४ × m × r × ω² × r/l (m एका पिस्टनमागचं वजन, r अर्धा स्ट्रोक, l रॉडची लांबी, ω क्रँकचा कोनीय वेग, रेडियन प्रति सेकंदात). स्ट्रोक ८८ मिमी म्हणून r ४४, रॉड १५० मिमी. पिस्टन, पिन आणि रॉडचं वरचं टोक मिळून ०.६ किलो धरलं तर ३००० आरपीएमला सुमारे ३,०५० न्यूटन, ६००० ला त्याच्या चौपट, म्हणजे जवळपास सव्वा टनाचा जोर. क्रँक कितीही बारीक बॅलन्स करून आणा, यात काडीचा फरक पडत नाही. हलके पिस्टन किंवा लांब रॉडने मात्र पडतो.

पॉवरबद्दल फार आशा धरू नका. शाफ्ट दुप्पट वेगाने फिरत असल्याने त्यांचं जडत्व क्रँकला चौपट जाणवतं, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम चटकन चढतो. स्थिर वेगाला वाचतं ते फक्त बेअरिंगचं घर्षण.

तेलकट:
पॉवरपेक्षा तेलाकडे लक्ष द्या, बहुतेक इंजिनं तिथेच मरतात.

पुढच्या शाफ्टच्या जागी स्टब शाफ्ट (वजन नसलेला आखूड शाफ्ट) येतो. पंपाचा गिअर त्यावर बसतो. ब्लॉकमधली तीन बेअरिंगं (मागच्या शाफ्टची दोन, पुढच्याचं मागचं एक) पुलरने काढा आणि नवीन अशी फिरवून ठोका की त्यांचं भोक ब्लॉकच्या तेलाच्या भोकासमोर येणार नाही. एखादं चुकलं तर गरम इंजिनात आयडलला प्रेशर कोसळतं आणि रॉड बेअरिंग जातात. म्हणून फ्रंट केस चढवण्याआधी टॉर्च मारून तिन्ही ठिकाणी कोरा धातूच दिसतोय ना ते बघा. फ्रंट केसमध्ये मागच्या शाफ्टच्या सीलच्या जागी प्लग. क्रँकवरचं छोटं स्प्रॉकेट भंगारात टाकू नका, ते स्पेसर म्हणून तिथेच राहतं.

उलट त्रासही होतो: शाफ्टच्या बेअरिंगांतून होणारी तेलाची गळती कमी झाल्याने थंड इंजिनात प्रेशर फार चढतं, लिफ्टर (तेलाच्या दाबावर व्हॉल्व्हची फट भरणारे भाग) टिकटिकतात. ऑइल फिल्टर हाउसिंगमधलं रिलीफचं (जादा प्रेशर सोडायचं) भोक थोडं मोठं करा. पुढचा शाफ्ट बरोबर जुळलाय का हे तपासायला ब्लॉकच्या कडेचा प्लग काढून ८ मिमीचा स्क्रूड्रायव्हर ६० मिमी आत जातो का बघण्याची कटकट आता संपली. ऑइल पंपाच्या स्प्रॉकेटची खूणही जुळवायला नको.

स्पॅनर१४:
पुढे १०० मिमीचा क्रँक टाकायचाय. रॉड हाच, १५० मिमी. मग?

पिस्टनराव:
जोर r च्या वर्गाने वाढतो: ५०/४४ चा वर्ग, म्हणजे सुमारे २९ टक्के जास्त. त्यात कडक पॉलियुरेथेन माउंट टाकलेत तर आरसा थरथरेल, हीट शील्ड तडकेल. ट्रॅकच्या गाडीला ठीक. रोजची असेल तर मूळ रबरी माउंटच ठेवा आणि अल्टरनेटर ब्रॅकेटचे बोल्ट पहिल्या ५०० किमीनंतर पुन्हा टॉर्क करा. नाहीतर सरळ दोन्ही बेल्ट आणि टेन्शनर नवे टाका, शाफ्ट राहू द्या. एक लाख किमीच्या आत बदलत राहिलात तर छोटा बेल्ट सहसा दगा देत नाही.