पुस्तकाची एकच प्रत आणि वर्गात ४६ पोरं, लायब्ररीतून सगळ्यांना वाचायला कसं मिळेल?

इतिहासवाल्या_मॅडम
नमस्कार सगळ्यांना. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) एम.ए. भाग १ ला इतिहास शिकवते, दुसरंच वर्ष आहे. सिलॅबसच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते बघा, त्यातली १४ पुस्तकं मी आमच्या लायब्ररीत शोधली, सापडली ५, आणि शाहूकाळावरचं जे मला सगळ्यात जास्त लागतं त्याची एकच प्रत, तीही जूनपासून एका मुलाच्या नावावर बाहेर आहे. शाहू महाराजांचा १९०२ चा तो मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम शिकवताना पोरांनी मूळ मजकूर स्वतः वाचावा एवढीच माझी इच्छा आहे, गाईड वाचून पेपर सोडवणं मला नको आहे.

मागच्या सेमला मी मोबाईलवर पानांचे फोटो काढून पीडीएफ केली आणि ग्रुपवर टाकली. पानं वाकडी आली, कडेची अक्षरं कापली गेली, आणि वर्गात एक मुलगा दृष्टिहीन आहे, त्याचा स्क्रीन रीडर (मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) फोटोतलं अक्षरसुद्धा वाचत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. तो काही बोलला नाही. परीक्षा झाल्यावर कळलं की त्याचा मित्र रोज रात्री फोनवर त्याला ती पानं वाचून दाखवत होता. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

तर लायब्ररीकडून नीट सोय कशी करून घ्यायची? झेरॉक्स द्यावी तर कायद्यात बसतं का? आणि सीएचबीवाल्यांनी सांगितलेलं लायब्ररीत चालतं का?

काउंटरपलीकडून
मॅडम, मी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात २२ वर्षं ग्रंथपाल आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, सीएचबी असो नाहीतर परमनंट, यादी घेऊन जो येतो त्याचं काम होतं, आमच्याकडे वर्षात जेमतेम तीन-चार जणच येतात हो.

पहिलं म्हणजे बाहेर गेलेली प्रत परत मागवा, तो अधिकार लायब्ररीला आहे, फक्त कोणीतरी सांगायला पाहिजे. प्रत आली की ती कपाटात परत लावू देऊ नका, काउंटरमागे 'रिझर्व्ह'ला ठेवायला सांगा. म्हणजे ते पुस्तक घरी जात नाही, आयकार्ड ठेवून दोन तास रीडिंग हॉलमध्ये मिळतं. आता हिशेब बघा, लायब्ररी आठ तास उघडी धरली तर एका प्रतीवर दिवसाला चारच पोरं वाचणार, ४६ जणांना १२ दिवस लागतील. म्हणून वाचायचं प्रकरण दोन आठवडे आधी जाहीर करा, तासाच्या आदल्या दिवशी सांगून काउंटरवर नुसती गर्दी होते. आणि अजून दोन प्रती घ्यायला लावा, तीन प्रती झाल्या की हेच काम चार दिवसांत होतं.

खरेदीला मात्र वेळ लागतो, कोटेशन, कमिटी, बिल, दोन-तीन महिने धरूनच चाला. त्यामुळे पुढच्या सेमची यादी आत्ताच द्या. यादीत लेखक, प्रकाशक, आवृत्ती, नक्की कोणतं प्रकरण आणि कितव्या आठवड्यात लागणार एवढं लिहा, नुसतं पुस्तकाचं नाव देऊन उपयोग नाही. तुमच्याकडे लायब्ररीचं 'कोहा' सॉफ्टवेअर असेल तर त्यात कोर्स रिझर्व्ह नावाची सोय आहे, पेपर आणि शिक्षकाचं नाव टाकलं की पोरांना त्या पेपरची पुस्तकं एकत्र दिसतात, सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सोय त्यातच येते, पण बऱ्याच ठिकाणी ती चालूच केलेली नसते.

बाहेर शोधताना साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साईटवर त्यांची मराठी पुस्तकं फुकट पीडीएफमध्ये आहेत, विश्वकोशही ऑनलाईन आहे. कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्स देणारी योजना) मेंबर असेल तर लॉगिन मागून घ्या, घरून वाचता येतं. केंद्र सरकारचं वन नेशन वन सबस्क्रिप्शन जानेवारी २०२५ पासून चालू झालं, ३० प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास जर्नल्स आहेत, पण ते सरकारी संस्थांपासून सुरू केलंय आणि मजकूर बहुतेक इंग्रजी, तुमच्या मराठी माध्यमाच्या पोरांची भूक त्यावर भागणार नाही.

झेरॉक्सचं म्हणाल तर आम्ही पुस्तकाच्या १० टक्क्यांवर देत नाही.

राधानगरीची_पोरगी
मॅडम मी पण एम.ए. ला आहे दुसऱ्या कॉलेजात. सरांचं दोन तासांचं गणित बरोबर आहे पण आमच्यासारख्यांचं काय ते पण बघा की. मी पहाटे निघतो, लेक्चर संपलं की एसटी गाठायची असते, ती चुकली तर घरी पोचेपर्यंत रात्र, मग दोन तास हॉलमध्ये बसायचं कधी? आमच्याकडं एका मॅडमनी भांडून शनिवारी बंद व्हायच्या वेळी रिझर्व्हची प्रत घरी द्यायला लावली, सोमवारी पहिल्या तासाआधी परत. पहिला नंबर बाहेरगावच्यांचा. लई उपयोग झाला, मी आणि माझ्या गावची अजून एक, दोघींनी मिळून रविवारी अख्खं वाचलं.

आणि पीडीएफ टाकायचीच असेल तर प्रकरणाप्रमाणं तुकडे करून टाका, ८० एमबीची फाईल गावात रेंजवर उतरतच नाही.

कायदा_शिकवतो
काउंटरपलीकडून सर, बाकी सगळं पटलं, पण १० टक्क्यांचा आकडा आपल्या कायद्यात कुठंच नाही, ही समजूत फार पसरलीय आणि तिच्यामुळे शिक्षक उगीच घाबरतात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(आय) बघा, शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्यानं केलेली प्रत म्हणजे उल्लंघन नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दावा लावला होता, अभ्यासक्रमातली प्रकरणं एकत्र बांधून विकतात म्हणून. सप्टेंबर २०१६ ला दिल्ली हायकोर्टानं तो फेटाळला, डिसेंबरला दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानं सांगितलं की टक्केवारी मोजायची नाही, शिकवण्यासाठी जेवढं खरोखर गरजेचं तेवढं चालतं, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

पण ह्याचा अर्थ अख्खं पुस्तक स्कॅन करून सगळ्या जगाला लिंक उघडी करा असा नाही. मराठी प्रकाशक छोटे असतात, बाजारात मिळणारं पुस्तक विकतच घ्यायला लावा. लागणारं प्रकरण, आपल्या वर्गापुरतं, एवढं पाळा.

तुमच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी तर कायदा आणखी मोकळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं ५२(१)(झेडबी) आलं, त्याला वाचता येईल अशा रूपात अख्खं पुस्तक करून देता येतं, फक्त त्यातून नफा कमवायचा नाही. फोटो नको, सरळ स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करतं, आणि तो युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित अक्षरांत) तपासून द्या. श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, टाईप केलेल्या जुन्या नोट्स असतील तर त्याही बदलून घ्या, स्क्रीन रीडरला त्यातलं काहीच कळत नाही.

काउंटरपलीकडून
१० टक्क्यांचं मान्य, सर. मी नोकरीला लागलो तेव्हापासून तेच ऐकत आलो आणि पोरांना तेच सांगत आलो. सोमवारी काउंटरवरची १० टक्क्यांची पाटी काढतो.

इतिहासवाल्या_मॅडम
सगळ्यांचे मनापासून आभार. आज लायब्ररीत गेले होते. ज्याच्याकडे प्रत होती त्या मुलाला फोन गेला, पुस्तक बुधवारी येतंय. आमच्या लायब्ररीत कोहा नाही, 'सोल' नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे सध्या रिझर्व्हची वही हातानंच ठेवायची ठरली. शनिवारचा नियम मी लिहूनच दिला, वर्गात ११ जण बाहेरगावचे निघाले, मला आजपर्यंत हा आकडा माहीत नव्हता.

दृष्टिहीन मुलाशीही बोलले. हुकुमाची पानं मी स्वतःच युनिकोडमध्ये टाईप करतेय, चार झाली, जुन्या वळणाची मराठी असल्यानं ओसीआर फार चुकतंय. कायदावाले सर, स्क्रीन रीडरला जोडाक्षरं नीट वाचता यावीत म्हणून टाईप करताना काही वेगळं करावं लागतं का?